सत्तेचाळीस नंबर अजून आतच!

परदेशातून आलेल्या माणसाच्या पेटीत काय काय असतं, ते अख्ख्या मोहल्ल्याला पाठ असतं. टेपरेकॉर्डर, नायलॉनच्या साड्या, अत्तराची बाटली आणि ते एक वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट! किस्से मात्र पेटीत मावत नाहीत, आणि कस्टमवालाही त्यांचं काही विचारत नाही. ते मागाहून निघत राहतात. एक सांगितला की दुसरा आठवतो, दुसरा सांगेपर्यंत तिसऱ्याचं तोंड उघडलेलं असतं. आम्ही चौघं इराकातून नागपूरला परत आलो तेव्हापासून हेच चाललं होतं.

चौघं म्हणजे देवराव वेल्डर, पांडुरंग फिटर, शंकर इलेक्ट्रिशियन आणि हजेरी मांडणारा मी, टाइमकीपर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बसऱ्याकडे एका कंपनीचं पाइपलाइनचं काम होतं आणि शेजारीच इराण-इराकची लढाई चालू होती. लढाई त्यांची, पाइपलाइन कंपनीची, आणि मधे आम्ही! परतल्यावर दर शनिवारी दुपारी सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत एका टपरीवर चहाला जमायचो. लोक विचारायचे, "सोनं किती आणलं गा?" बाकी कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून आम्ही आमचं एकमेकांनाच सांगायचो.

*

जायच्या आधीची मेडिकल! सीताबर्डीतल्याच एका लॉजच्या खोलीत एजंटने डॉक्टर बसवला होता. बाहेर जिन्यापर्यंत लाइन. डॉक्टर छातीला नळी लावायचा, जीभ बघायचा आणि मान खाली घालूनच फॉर्ममधले प्रश्न विचारायचा. एक प्रश्न होता, मानसिक स्थिती कशी आहे?

पांडुरंगची पाळी आली. डॉक्टर म्हणाला, "डोक्याचा काही त्रास?"

पांडुरंग म्हणाला, "अजून तं नाही."

"मग फिट!" डॉक्टरने सांगितलं, आणि बाजूच्या क्लार्कने ठप्पा मारला. त्या ठप्प्यावर 'उत्तम' असं कोरलेलं होतं. सगळ्यांसाठी तोच एक ठप्पा होता. मी क्लार्कला विचारलं, 'उत्तम' सोडून दुसरा ठप्पा नाही का? तो म्हणाला, "दुसऱ्याची कधी गरजच पडली नाही."

*

आता बिल्ल्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

कॅम्पवर सायरन वाजला की आम्ही पळत जायचो आणि आमच्याच कामाच्या सिमेंटच्या पाइपांत बसायचो. चांगले वाकून चालता येईल एवढे मोठे पाइप, वर वाळूच्या गोण्या रचलेल्या. पाइपाच्या तोंडाशी एक लाकडी फळी होती. फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एका माणसाचा पितळी बिल्ला. बिल्ल्याच्या एका बाजूला नंबर, दुसरी बाजू लाल रंगवलेली. आत शिरताना आपला बिल्ला उलटा करून लाल बाजू वर आणायची. धोका टळला की मी 'ऑल-क्लिअर' ओरडायचो, मग बाहेर येऊन तो सुलटा करायचा. लाल म्हणजे माणूस आत, नंबर दिसला म्हणजे बाहेर. आणि ज्याचा बिल्ला त्यानेच फिरवायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्या फळीवरून मी रजिस्टर भरायचो.

माझा स्वतःचा बिल्ला नव्हता. मोजणाऱ्याला कोण मोजणार!

एकदा ऑल-क्लिअर झाला, सगळे बाहेर आले, आणि फळीवर एक लाल बिल्ला तसाच राहिला. नंबर बत्तीस. मी ओरडलो, "बत्तीस आत राहिला!" झालं, पंधरा-वीस माणसं कंदील घेऊन पाइपांत शिरली. दोन तास शोधाशोध. सगळे गळा फाडून ओरडतायत, "बत्तीस! ओ बत्तीस!" सगळ्यात मोठा आवाज पांडुरंगचा. डोळ्यांत पाणी आणून हाका मारत होता.

शेवटी शंकरने त्याच्या डगल्यावर शिवलेला नंबर वाचला. "अबे पांड्या, बत्तीस तं तूच होय!"

पांडुरंगने मान खाली घालून आपल्याच छातीवरचा नंबर वाचला. मग फळीकडे जाऊन बिल्ला सुलटा केला. पुढे वर्षभर आम्ही त्याला पाइप दिसला की "जा, स्वतःला शोधून ये" म्हणायचो. तोही हसायचा. एकदाच, जेवताना, मला म्हणाला होता, "हसू नको टाइमकीपर. दोन घंटे मले खरंच वाटलं का बत्तीस गेला म्हून."

*

आमचे साइट मॅनेजर मोठे शिस्तीचे. त्यांनी एकदा सगळ्यांना उन्हात उभं करून सर्क्युलर वाचून दाखवलं. "सायरन वाजल्यावर घाबरणे हा कामातील कसूर समजला जाईल व त्या दिवसाची गैरहजेरी मांडली जाईल."

खालची सही कोणाची आहे, ते वाचायच्या आत सायरन वाजला!

साहेब सगळ्यांच्या आधी पाइपात. चष्मा बाहेर, एक बूट बाहेर, सर्क्युलर हवेत. ऑल-क्लिअर झाल्यावर मी रजिस्टर घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, आजची तुमची गैरहजेरी मांडू ना?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, बूट घातला आणि म्हणाले, "मी पाइपाचं इन्स्पेक्शन करत होतो." ते सर्क्युलर परत कोणी वाचलं नाही, पण नोटीसबोर्डावरून काढलंही नाही.

*

कॅम्पवर दवाखाना होता, म्हणजे एक कंपाउंडर आणि दोन बरण्या. एका बरणीत ताप-अंगदुखीच्या पांढऱ्या गोळ्या, दुसरीत पोटाच्या गुलाबी. तिसरा आजार कंपनीला मंजूर नव्हता.

देवराव गेला आणि म्हणाला, "झोप येत नाही, हात थरथरते. वेल्डिंगची लाइन वाकडी होऊन राहिली." चांगला वेल्डर होता तो. त्याचा जोड हाताने चाचपला तरी सापडायचा नाही. वाकड्या लाइनीचं त्याला मरणाचं वाईट वाटत होतं.

कंपाउंडर बराच वेळ दोन्ही बरण्यांकडे बघत राहिला. मग त्याने गुलाबी गोळी काढली.

"हे तं पोटाची होय ना?" देवराव म्हणाला.

"मग तुझे हात काय पोटावर चालत नाहीत?" कंपाउंडर म्हणाला. देवरावने गोळी घेतली. त्याला त्या रात्री झोप आली नाही, पण सकाळी पोट साफ झालं.

*

घरी पत्र लिहायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून शंकरने कॅसेट भरून पाठवायची टूम काढली. त्याची आई नागपुरातल्या महाल भागात राहायची. एकदा तो छान बोलत होता, "आई, मी मजेत आहे, खाणंपिणं चांगलं आहे," आणि मधेच सायरन. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून पठ्ठ्याने पळता पळता सांगून टाकलं, "आई, हा भोंगा ऐकला का? जेवणाची सुट्टी झाली!"

आईने ती कॅसेट साऱ्या गल्लीला ऐकवली. पुढच्या दोन कॅसेटींत तर चार-चार वेळा सायरन आला. शंकर परतला तेव्हा बायका त्याच्या तब्येतीकडे बघून हळहळल्या. आई म्हणाली, "काहून रे इतका वाळला? दिवसातून चार-चार वेळा तं जेवाले सोडत होते!"

शंकरने आईला खरं काय ते आजतागायत सांगितलेलं नाही.

*

परतल्यावरचा पहिला शनिवार. टपरीवर चहा आला, पहिला घोट घेतला, आणि तीन वाजता मिलचा भोंगा झाला.

पुढच्या क्षणी आम्ही चौघंही बाकाखाली होतो! टपरीवाला अण्णा किटली हातात घेऊन बघतच राहिला. वर बाकावर कोणी नाही, खाली चार टाळकी, आणि चारही हातांत चहाचे कप, एक थेंब न सांडलेले. कंपनीने एवढं ट्रेनिंग मात्र पक्कं दिलं होतं.

"काय झालं गा?" अण्णाने वाकून विचारलं.

पांडुरंग म्हणाला, "चप्पल पाहून राहिलो."

"चौघंही?"

"एकच चप्पल आहे," शंकर म्हणाला.

मग आम्ही हसत सुटलो. पोट धरून हसलो. तिघं वर येऊन बसलो आणि चहा संपवला. देवराव मात्र खालीच बसून राहिला होता. हसत नव्हता.

*

इथे मला माझंही एक सांगायला पाहिजे. ते सांगताना मला मजा येत नाही.

आमचं काम अचानक गुंडाळलं. एका सकाळी सायरन वाजला, आम्ही पाइपात. आतच निरोप आला, कंपनी माणसं हलवतेय, बस पाइपाच्या तोंडाशी लागली आहे, सामान मागाहून येईल, तसेच चढा. आम्ही पाइपातून निघालो ते थेट बसमध्ये. फळी मागे राहिली. सगळे बिल्ले लाल. माझ्या रजिस्टरात शेवटच्या पानावर सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द, 'आत'. ते रजिस्टर मी कंपनीच्या ऑफिसात जमा केलं आणि विमानात बसलो.

विमानात देवरावने मला विचारलं, "टाइमकीपर, माहा बिल्ला कोणं सुलटा केला?"

मी मोठ्या झोकात म्हटलं, "कोणीच नाही! म्हणजे तू अजून आतच!"

विमानभर हशा. तेव्हा मला तो माझा बेस्ट जोक वाटला होता.

देवराव घरी आला, पण म्हणायला लागला, "मी अजून आतच आहे." ओरडून नाही, रडून नाही. साखर संपली सांगावं तसं. जेवायचा, आंघोळ करायचा, कोणी वेल्डिंगचं काम दिलं तर करायचाही. पण घरातलं काही विचारलं, रेशनकार्डावर सही मागितली, पोरगी सुनंदाच्या लग्नाचा विषय काढला, की म्हणायचा, "बाहेर आलो का मंग पाहतो." त्याची बायको यशोदावहिनी एकदा मला दारातच म्हणाली, "भाऊजी, पेटी आली, ब्लँकेट आलं, टेप आला. सामान सगळं पोचलं. माणूस तेवढा तिकडंच राह्यला."

मी चहा न घेताच निघालो.

*

पांडुरंग त्याला एका मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने विचारलं, कुठे कामाला होता?

"इराकले."

"अरे वा!" डॉक्टर खुर्चीत पुढे सरकला. "टेप कोणता आणला? डबल कॅसेटचा?"

पंधरा मिनिटं टेपवर चर्चा झाली. स्पीकर किती, आवाज कसा, विकायचा आहे का. शेवटी पांडुरंगने आठवण करून दिली, "डॉक्टरसाहेब, हा म्हणते का मी अजून पाइपात आहे."

"गॅस असेल," डॉक्टर म्हणाला, आणि त्याने गोळ्या लिहून दिल्या. गुलाबी होत्या!

*

मग मला वाटलं, कागदाने झालेली चूक कागदाने सुधारावी. देवरावचा नंबर सत्तेचाळीस. मी कंपनीच्या हेड ऑफिसला रीतसर अर्ज केला. कामगार क्रमांक सत्तेचाळीस सुखरूप बाहेर आला आहे, असं एक सर्टिफिकेट द्यावं, एवढंच मागितलं. देवरावला ते दाखवलं तर कदाचित त्याला पटेल, ही आशा.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. टाइप केलेलं, शिक्का मारलेलं.

"आमच्या रजिस्टरप्रमाणे कामगार क्र. ४७ हे आत आहेत. याबाबत अधिक माहितीसाठी कृपया साइटवरील टाइमकीपरशी संपर्क साधावा."

ते पत्र मी टपरीवर वाचून दाखवलं. पांडुरंग आणि शंकर लोटपोट झाले. देवरावने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि मला परत दिलं. म्हणाला, "पाह्यलं? मी म्हणत होतो ना."

*

सुनंदाचं लग्न यशोदावहिनीनेच जमवलं. जरीपटका वस्तीच्या रस्त्यालगत एका शाळेच्या मैदानावर मांडव. समोर टॉकीज, टॉकीजचा सायकल स्टँड, आणि रस्त्याच्या कडेला महापालिकेने गटारासाठी आणून टाकलेले सिमेंटचे पाइप. दोन वर्षांपासून तिथेच पडलेले, कारण खड्डा कोणी खणायचा ते ठरत नव्हतं. आम्हा तिघांच्याही ते ध्यानात आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

देवराव सकाळपासून चांगला होता. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, येईल त्याला 'जय भीम' घालत होता. यशोदावहिनीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. तिला एकच पाहिजे होतं, लेकीच्या लग्नात तिचा बाप उभा पाहिजे.

बारा वाजता वरात आली. बँड, नाच, आणि मुलाच्या दोस्तांनी लावलेली लवंगी फटाक्यांची लांब माळ!

माळ संपली तेव्हा देवराव मांडवात नव्हता.

आत बौद्धाचार्य माइकवरून सांगत होते, "वधूचे वडील पुढे यावे." एकदा झालं, दोनदा झालं. पाहुणे माना वळवायला लागले. आम्ही पाइपांकडे पळालो. तिसऱ्या पाइपात देवराव बसला होता. गुडघे पोटाशी, पाठ टेकलेली, अगदी तिकडे बसायचा तसा.

पांडुरंगने वाकून हाक मारली, "देवा, चल गा. सायरन नाही, फटाके होय."

"ठाऊक आहे मले," देवराव म्हणाला. "पण मी आत आहे ना."

यशोदावहिनी आली. तिने पदर तोंडाला लावला. तिच्या मागे सुनंदा आली. पांढरं नेसलेली, गळ्यात मोगऱ्याचा हार. ती सरळ पाइपाच्या तोंडाशी मातीत बसली.

"बाबा, मी येऊ का आत?"

"नाही वं माय," देवराव घाईने म्हणाला. "तुह्याजवळ बिल्ला नाही. बिल्ल्याशिवाय आत येता येत नाही."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. "काका, बिल्ला म्हणजे काय?"

मी रस्ता ओलांडून धावत सायकल स्टँडवर गेलो. स्टँडवाला बाबूलाल बाकावर बसून पेपर वाचत होता. मागे खिळ्यांना पितळी बिल्ले टांगलेले. इथे एक बिल्ला सायकलला लावतात, त्याच नंबरचा दुसरा माणसाला देतात.

"सत्तेचाळीस नंबर दे," मी म्हणालो.

"सायकल किधर है?"

"सायकल नाही. समोर लग्न आहे, नवरीचा बाप अडकला आहे. दे!"

माझा चेहरा बघून त्याने दिला. सुनंदाच्या मैत्रिणीजवळ लाल नखपॉलिश होतं. त्या पॉलिशने मी बिल्ल्याची मागची बाजू रंगवली, फुंकर मारून वाळवली. मांडवाच्या पहिल्या खांबाला खिळा होता, त्यावर बिल्ला टांगला. लाल बाजू वर. मग खिशातून डायरी काढली, पेन काढलं, मांडवाच्या दारात उभा राहिलो आणि तिकडे ओरडायचो तसा ओरडलो.

"ऑल-क्लिअर! सत्तेचाळीस!"

बँडवाले गप्प झाले. आचारी झारा घेऊन बाहेर आला.

पाइपातून आवाज आला, "हजर!"

देवराव वाकून बाहेर निघाला. गुडघे झटकले. कोणाकडे न बघता चालत खांबापाशी आला. लाल बिल्ल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हात वर करून त्याने बिल्ला सुलटा केला. मी डायरीत लिहिलं आणि त्याला दाखवलं. ४७, बाहेर.

त्याने ते बोट ठेवून वाचलं. मग इकडेतिकडे बघत, जरा रागावूनच म्हणाला, "अरे, पोरीचं लग्न लावाचं का नाही? काहून उभे आहा सगळे?"

*

लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं पडली. देवराव लेकीच्या शेजारी ताठ उभा होता. नंतर पंगतीत तो स्वतः बुंदी वाढत फिरला आणि नको म्हणणाऱ्यांना दटावत होता. यशोदावहिनी खुर्चीवर बसून नुसती त्याच्याकडे बघत होती.

मी खांबाशेजारी उभा होतो. पांडुरंग आला. हातात बुंदीचा द्रोण, पण खात नव्हता. मला वाटलं, आता हा देवरावची नक्कल करणार.

तो खाली बघत म्हणाला, "टाइमकीपर, त्या स्टँडवाल्याजवळ बत्तीस नंबर असन का?"

त्याच्या मागे शंकर उभा होता. आपण लाइनीत उभं राहतो तसा.

मी पुन्हा रस्ता ओलांडला. बाबूलालने पेपर बाजूला ठेवला.

"अब क्या?"

"आणखी दोन बिल्ले दे, त्यांत एक बत्तीस."

"सायकलें किधर हैं भाऊ?" त्याने रिकाम्या रस्त्याकडे मान वळवून बघितलं.

"तिकडंच राहिल्या," मी म्हणालो.

त्याने डोकं खाजवलं आणि खिळ्यावरून दोन बिल्ले काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते घेऊन निघालो. चार पावलं गेलो असेन, परत फिरलो.

"दोन नाही," मी म्हणालो. "तीन दे."